फुलपाखराईची सोयरीक

फुलपाखराले पाय किती असतात हे मले त्रेसठ सालापर्यंत माहीत नव्हतं, अन् माहीत नव्हतं म्हणून माह्यं कोठी काही अडलं बी नव्हतं. पुसदले माह्यं फोटो फ्रेमचं दुकान. देव, पुढारी, मेलेले बाप, लग्नातले गुरूप फोटो, सारे माह्या काचेखालून गेलेले हाय. त्यात कोणी कोणाचे पाय मोजत नाही. हात मोजते. एकदा लक्ष्मीचा एक हात पट्टीखाली दबला तं गिऱ्हाईक भांडाले आलतं, म्हणे तीनच हातानं ते देईन काय अन् राखन काय. पण पायाची तक्रार घेऊन कोणी आलं नव्हतं.

तं झालं असं का पोरीच्या शाळेतल्या सुचित्राबाई एक दिवस दुकानात आल्या. बाई वर्ध्याकडच्या, सायन्स शिकवाले आलेल्या, टेंपरवारी. खांद्यावर मच्छरदाणीच्या कापडाची जाळी घेऊन पूस नदीच्या काठानं फिराच्या. लोकं पहिले समजे का बाई मासोळ्या पकडते. चांगल्या घरची पोरगी मासोळ्या पकडते म्हणून गावात मोठी चर्चा झाली. मंग कोणीतरी सांगतलं का फुलपाखरं पकडते, तं लोकाईले वाईट वाटलं. चर्चा संपली ना.

बाईनं बिस्किटाचा डबा काउंटरवर ठेवला. आतमंधी कागदाच्या तिकोन्या पुड्या, जशा पानवाला सुपारीच्या बांधते. एकेका पुडीत एकेक फुलपाखरू.

"नेमसिंगभाऊ, मला यांच्यासाठी एक पेटी हवी आहे. वर काच, खाली बुचाचा तळ. यवतमाळला शाळांचं प्रदर्शन आहे."

"बनवू. घाई हाय का?"

"माझी सगळी घाईच आहे," बाई म्हणे. "मोठे साहेब येणार आहेत तपासायला. त्यांनी पेटी पास केली तर माझी नोकरी कायम. नाही केली तर भाऊ न्यायला येतोय. त्यानं वणीचा एक लाकडाचा डेपोवाला पाहून ठेवलाय."

"माणूस कसा हाय?"

"बिजवर आहे. त्याचा मोठा मुलगा मला ताई म्हणेल, इतका मोठा आहे."

म्या पट्टी मोजाले घेतली. अशा वेळी माणसानं काही बोलू नये, पट्टी मोजावी.

मंग बाईनं मले भिंग देल्लं अन् एका फुलपाखराचे पाय मोजाले लावले. म्या म्हटलं चार. बाई म्हणे नीट पाहा. नीट पाह्यलं तं छातीशी आखडून धरलेले अजून दोन, बारके, केसाळ, जसे माह्या पॉलिशच्या बुरशाचे केस. त्यानं ते चालत नाही. लग्नात मानापानावरून रुसलेला सोयरा कसा हाताची घडी घालून बसते, तसे ते दोन पाय घेऊन बसलेले.

"ज्यांचे ज्यांचे पुढचे पाय असे, ते सगळे एका घराण्याचे," बाई म्हणे. "रंग काहीही असो. हे भगवे, यांना इंग्रजीत वाघ म्हणतात. हे पंखावर डोळे असलेले. हे ठिपकेवाले, चित्त्यासारखे. हे वाळक्या पानासारखे, संध्याकाळी उडतात. सगळे एकाच घरचे."

मले हे पटलं. आपल्यात बी सून पाहाले गेले का पहिले पायच पाह्यते, पांढऱ्या पायाची तं नाही म्हणून.

बाईनं नकाशा काढून देल्ला. प्रत्येक जातीचा नर अन् त्याच्या बाजूले त्याची मादी. एकच नर एकटा होता. काळाभोर, पंखावर पांढरे चांद, तिरपं धरलं का निळी झाक. "याची मादी मला मिळालीच नाही," बाई म्हणे, "सगळा पावसाळा शोधली." अन् भगव्यांच्यात मात्र एक पोरगी जास्त होती. तिले बाईनं कोपऱ्यात जागा देल्ली.

एवढं सारं ठरलं अन् वर्ध्याहून तार आली, आई सीरियस. वाळलेली फुलपाखरं टाचताना तुटू नये म्हणून बाईनं ते ओल्या वाळूत मऊ कराले ठेवलेली होती. त्या मले म्हणे, "भाऊ, नकाशाप्रमाणे फक्त टाचून घ्या. मी प्रदर्शनाच्या दिवशी परस्पर यवतमाळला येते." अन् गेल्या. आई ठणठणीत होती हे आमाले मंग कळलं. तिकडं डेपोवाला पोरगी पाहाले आलता अन् आई चकल्या तळून राह्यलती.

पेटी म्या मनापासून बनवली. सागाची, कोपरे असे बसवले का नख जाणार नाही. मुंग्या लागतीन म्हणून घरातल्या चार वाट्यात पाणी भरून त्यावर पेटी ठेवली. डांबरगोळ्या टाकल्या. चंदाबाई, म्हणजे माह्यी बायको, म्हणे, "वाट्या फुलपाखराईले देल्ल्या, आता वरण कशात वाढू, तुमच्या टोपीत?" दुकानाच्या मागच्या घरात सारं डांबरगोळ्याचं वासे. पोळीले बी तोच वास. पण आपुन शब्द देल्लेला होता.

दुकानासमोर दीनानाथराव राह्यते. तहसीलीतून रिटायर झालेले. पेपर माह्या दुकानात वाचते, चहा माह्या दुकानात पिते, अन् सल्ला बी तठीच देते. त्याईनं भिंग घेतलं, पेटीत पाह्यलं, अन् चष्मा काढून पुसला. तहसीलीत चष्मा पुसला म्हणजे समोरच्याचा अर्ज नामंजूर.

"नेमसिंग, यांचे दोन दोन पाय कुठं गेले?"

"हाय ना. छातीशी हाय."

"किड्याला सहा पाय असतात, हे मी चौथीत पाठ केलंय. इथं चार आहेत. तू मोडलेस."

"मोडले नाही दीनानाथराव. त्याईचं खानदानच तसं हाय."

"तसं असेल तर तसा दाखला पाहिजे," ते म्हणे. "साहेब विचारतील, दोन पाय कमी का. तेव्हा तू काय खानदान दाखवशील?"

म्या भिंग धरून पाय दाखवले. त्याईले दिसले. पण दिसल्यानं माणसाचं समाधान होत नाही. ते म्हणे, वापरात नसलेले पाय रेकॉर्डवर घ्यायचे का नाही हा प्रश्न वेगळा आहे.

अठीपर्यंत बी ठीक होतं. पण त्याच्यानंतर बाजाराचा दिवस आला.

बाजाराच्या दिवशी डिग्रसकडच्या तांड्यातून माही आत्या सुखीबाई अन् तिचा नवरा, धावजी नायक, पुसदले येते. आमी त्याईले फुफाजी म्हणतो. गोत पवार. तांड्याचे नायक. म्हणजे तांड्यातलं लगन असो, भांडण असो, बैल हरवो, शब्द त्याईचा. आत्या जन्मानं राठोड, माह्या बापाची सख्खी बहीण, अन् फुफाजीचा शब्द काय राहावा हे आत्याच ठरवते.

आत्या पेटीसमोर उभी राह्यली. "ई काँई छ?" म्हणे, म्हणजे हे काय हाय. आत्याचा आमच्या बोलीतला हा सवाल साधा नसते. त्याच्यामागून दुसरा येते.

म्या सांगतलं. हे नर, हे त्याची मादी. जोड्या हाय.

"अन् कोण्या घरचे?"

"सारे एकाच घरचे, आत्या. पाय पाहून सांगतलं बाईनं. एकच खानदान."

आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला अन् फुफाजीकडं पाह्यलं. फुफाजीनं काठी भिंतीले टेकवली अन् दुकानातल्या बाकावर मांडी घालून बसले. म्या समजलो का आता हे उठत नाही.

"नेम्या," फुफाजी म्हणे, "एकाच घरचे नर अन् मादी. मंग हे जोडपं कसं? हे तं भाऊ-बहीण झाले."

हे माह्या डोक्यात आलंच नव्हतं. अन् एकदा आल्यावर निघेचना. आमच्यात राठोडाची पोरगी राठोडात जात नाही. मरून जाइन, जाणार नाही. सात पिढ्यामागं कोण कोणाचा हे माहीत नसलं तरी राठोड म्हटलं का भाऊ. अन् अठी काचेखाली, लायटीत, यवतमाळच्या साऱ्या शाळाईसमोर, म्या स्वतःच्या हातानं सख्खे भाऊ-बहीण जोड्यानं टाचून राह्यलतो.

"फुलपाखरं हाय, फुफाजी," म्या म्हटलं.

"फुलपाखरं हाय म्हणून काय झालं. जनाची नाही तं मनाची पाह्यजे का नाही?"

आत्या म्हणे, "अन् नाव त्या पोरीचं खराब होईन. बिना लग्नाची पोरगी. लोकं म्हणन, मास्तरीनबाईले गोत कळत नाही, अन् पोरीले काय शिकवन. तो साहेब पास करन का अशी पेटी?"

हे बोलणं बरोबर होतं. नोकरी बाईची होती, अन् पेटी पास नाही झाली तं वणीचा डेपोवाला उभाच होता. बाई घाईत होती, तार आलती, चूक झाली असन. समजदार माणसानं ते पोटात घ्यावं अन् गुपचूप दुरुस्त करावं, असं आमच्या तिघाईचं मत पडलं. चंदाबाईचं मत वेगळं होतं. ते म्हणे, बाईनं सांगतलं तसं ठेवा अन् माह्या वाट्या वापस करा. पण ते पंचायतीत बसलेली नव्हती.

पहिले घराण्याची वाटणी झाली. भगवे वाघ ते राठोड, याच्यावर वाद नाही. दुकान माह्यं होतं. डोळेवाले पवार, कारण पवाराची नजर पोचते असं फुफाजीचं म्हणणं. ठिपकेवाले चव्हाण. अन् वाळक्या पानाचे जाधव. काळा चांदवाला कोणाचा हे काही समजेना, तं त्याले पाव्हणा म्हणून ठेवलं.

मंग सोयरिकी सुरू झाल्या. एक राठोड नवरदेव अन् पवाराची पोरगी. एक चव्हाण अन् राठोडाची पोरगी. फुफाजी वरपक्षाकडून बी बोले अन् वधूपक्षाकडून बी, अन् मधात दोन्हीकडून रुसे. जाधवाईपाशी येऊन गाडी अडली.

"याईले पोरगी द्याची नाही," फुफाजी म्हणे. "हे संध्याकाळचे उडते म्हणते ना तुही मास्तरीन?"

"हो."

"मंग दिवसभर काय करते?"

"पाल्यात झोपते."

"अन् संध्याकाळी कोठी जाते?"

म्या म्हटलं मोहाच्या झाडाखाली दिसते, सडक्या फळावर बसते. फुफाजीनं हात जोडले. म्हणे, भट्टीवर जाणाऱ्या घरी आपुन पोरगी देत नाही. सगळे जाधव तसेच बिनलग्नाचे राह्यले. त्याईच्या पोरी मात्र दुसरीकडं उजवल्या. आत्या म्हणे, पोरीचा काय दोष.

शेवटी राह्यली ते जास्तीची भगवी पोरगी, कोपऱ्यातली. आत्यानं तिच्याकडं लय वेळ पाह्यलं. "हे आपली राठोडाची लेक हाय," म्हणे, "कोपऱ्यात काहून? अन् तो काळा एकटा काहून? दे त्याच्या बाजूले." फुफाजी म्हणे, "काळा कोणत्या गोताचा माहीत नाही." आत्या म्हणे, "राठोड नाही ना? मंग झालं."

पेटी घेऊन जाण्याच्या आदल्या दिवशी दीनानाथरावाईनं चिठ्ठ्या लिहून देल्ल्या. त्याईचं अक्षर छापल्यासारखं. प्रत्येक जोडीखाली 'वर' अन् 'वधू', घराणं, अन् कोठी सापडले त्या गावाचं नाव, रहिवासी म्हणून. वर मथळा बाईचाच ठेवला का हे सारे पायावरून एक घराणं. म्या म्हटलं, वर एक घराणं अन् खाली चार, हे कसं? ते म्हणे, मथळा वरिष्ठांचा असतो, त्याला हात लावायचा नाही. तहसीलीत माणूस जन्म घालवते तं काही शिकतेच.

मंग म्या काच बसवली, चारी बाजूनं खिळे मारले, वरून पुट्टी भरली. माह्या हातची पेटी उघडत नाही. हे मी अभिमानानं सांगत आलतो.

यष्टीत पेटी मांडीवर घेतली. कंडक्टर म्हणे लगेज वर टाका. म्या म्हटलं अंदर जीव हाय. तो म्हणे जीव असन तं तिकीट घ्या. म्या म्हटलं मेलेला जीव हाय. तो म्हणे प्रेत यष्टीत चालत नाही. डिग्रसपर्यंत हेच चाललं. दारव्ह्याच्या पुढं रस्ता असा होता का एका चव्हाणाची मिशी तुटली अन् एका पवाराचा पंख काचेले जाऊन लागला. बाजूले बसलेली बाई पेटीत पाहून म्हणे, लय गोड संसार हाय.

यवतमाळच्या वेशीवर जकात नाका. नाक्यावरच्या कारकुनानं पेटी पाह्यली, पुस्तक उघडलं, अन् बोट घेऊन खाली खाली गेला. जनावरं, जिवंत. त्यात बसेना. मांस, त्यात बसेना. कातडी, शिंगं, हाडं. तो म्हणे, याले हाड हाय का? म्या म्हटलं नसन. शोभेच्या वस्तू अन् कागदी फुलं याच्यात घालू का, तं म्हणे कागदी नाही ना.

"हे फुलपाखरू नेमकं कशात मोडते?" त्यानं इचारलं.

म्या म्हटलं, "साहेब, त्याच्यासाठीच तं प्रदर्शन हाय. पायावरून घराणं ठरते. तुमी पाय पाहा."

त्यानं बी मोजले. चार भरले. त्यानं वर पाह्यलं. म्या छातीशी हात आखडून दाखवले, असे दोन अजून हाय म्हणून. मागं बैलगाड्या थांबल्या, एक सरकीवाला शिव्या देऊन राह्यलता, अन् मी वेशीवर छातीशी हात धरून उभा. शेवटी कारकून म्हणे जा, पण वापस आणताना दुसऱ्या नाक्यानं जा.

प्रदर्शन शाळेच्या हॉलात होतं. सुचित्राबाई दारातच उभ्या. मागं त्याईचा भाऊ, मधुसूदनराव, अन् त्याईच्या पायापाशी बाईची ट्रंक अन् वळकटी. माणूस तयारीनं आलता. म्हणे, दुपारची वर्ध्याची गाडी पकडायची आहे, लवकर आटपा.

बाईनं पेटी टेबलावर ठेवली. पाह्यलं. मंग खुर्चीवर बसल्या.

"नेमसिंगभाऊ, हे कोणी केलं?"

"पंचायतीनं."

"कोणत्या?"

म्या सारं सांगतलं. गोत, राठोड, पवार, जाधवाची भट्टी, आत्याचं बोलणं का तुमचं नाव खराब होऊ नये. बाई ऐकून राह्यल्या. बोलता बोलता मले पहिल्यांदा वाटलं का आपुन काहीतरी मोठं करून बसलो. दुकानात ते सारं बरोबर दिसत होतं.

"अहो, जोडपं एकाच जातीचं असतं," बाई हळूच म्हणे. "फुलपाखरांत राठोड राठोडाशीच लग्न करतो. दुसरीकडं गेला तर मूलच होत नाही."

"हे आधी सांगाले पाह्यजे होतं, बाई."

"हो," त्या म्हणे. "सांगायला हवं होतं. पेटी उघडा."

म्या पटाशी लावली. कोपरा हलेना. भाऊ मधुसूदनराव म्हणे, जाऊ दे सुचे, तसंही आपल्याला जायचंच आहे. त्याईच्या आवाजात दुःख काही दिसलं नाही. तेवढ्यात पोरी आल्या बोंबलत का साहेब पहिल्या खोलीत शिरले. पेटी काही उघडली नाही. एवढी चांगली पेटी म्या त्याच्याआधी बनवली नव्हती अन् त्याच्यानंतर बी नाही.

बाई एकदम उठल्या. कोपऱ्यातली एक पाटी घेतली अन् खडूनं लिहिलं: 'या पेटीतल्या सगळ्या जोड्या चुकीच्या लागल्या आहेत. खऱ्या जोड्या ओळखा. पाय एक, घराणं एक. पण नवरा-बायको कोण?' पाटी पेटीले टेकवली.

आता लोकाईचं असं हाय, नीट लागलेलं लगन पाहाले कोणी थांबत नाही. चुकीचं लागलं म्हटलं का गर्दी. पोरी आल्या, मास्तर आले, चहावाला केटली घेऊन आला. एक म्हणे, हा ठिपकेवाला या ठिपकीचा. दुसरी म्हणे, नाही, हे त्याची सासू हाय. बाकीच्या टेबलाईवर, जठी कोळशापासून वीज अन् पंप अन् काय काय होतं, तठी कुत्रं नव्हतं. म्या दोनदा टेबल धरून ठेवलं.

साहेब गर्दीतून अंदर आले. बुटके, टक्कल, कोटाच्या खिशातून स्वतःचं भिंग काढलं. मले तठीच समजलं का हा माणूस लहानपणी जाळी घेऊन फिरलेला हाय. त्याईनं पाटी वाचली. एकेक जोडी पाह्यली. काळ्याच्या जोडीपाशी थांबले. बाईकडं पाह्यलं.

"पाटी खोटी आहे तुमची."

"नाही सर. सगळ्या चूक आहेत. मी तपासल्यात."

"ही पाहा. काळ्याच्या शेजारची."

"ती वाघीण आहे, सर. भगवी."

"वाघिणीच्या मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके असतात. हिचे दाखवा मला."

बाईनं भिंग घेतलं. वाकल्या. सारा हॉल वाकला. मले वाटलं टेबल जाते आता.

"नाहीत," बाई म्हणे. "वरच्या काठाला एकच आहे."

"मग ती वाघीण नाही. ती या काळ्याचीच बायको आहे. वाघिणीचं लुगडं नेसून फिरते. वाघ रुई खाऊन वाढतो, कडू असतो, म्हणून पाखरं त्याला तोंड लावत नाहीत. ही कडू नाही, पण तसं दाखवते. हिला भलेभले वाघांत टाकतात. तुम्ही बरोबर जागी ठेवलीत."

मागून मधुसूदनराव म्हणे, "आमची सुचित्रा हुशारच आहे, सर." गाडीची वेळ झाली होती तरी एवढं बोलाले त्याईले सवड मिळाली. साहेबाईच्या तोंडावर बी खुशी होती. बाईनं नुसतं हो म्हटलं असतं तं काम झालं होतं. मी मनात म्हणून राह्यलो, हो म्हण बाई, हो म्हण.

"मी नाही ठेवली, सर," बाई म्हणे. "मी हिला वाघीण समजून कोपऱ्यात ठेवलं होतं. अन् याची मादी सगळा पावसाळा शोधत होते. माझ्याच डब्यात होती."

"मग ठेवली कोणी?"

बाईनं माह्याकडं पाह्यलं. म्या म्हटलं, "माह्या आत्यानं, साहेब."

"त्या कुठं शिकवतात?"

"तांड्यात राह्यते. राठोडाची पोरगी राठोडात देता येत नाही म्हणून तिनं तिले काळ्याच्या घरी देल्लं."

साहेबाईनं सारं सांगाले लावलं. पहिल्यापासून. मी सांगत गेलो, ते हसले नाही, त्याच्यानं मले जास्त घाम आला. शेवटी म्हणे, "आणि या वाळक्या पानांना बायका का नाहीत?"

"ते संध्याकाळी भट्टीवर जाते, साहेब."

"जातात खरे," साहेब म्हणे. मंग बाईकडं वळले. "पण बाई, मथळ्यात तुम्ही सगळे एक घराणं लिहिलंय. माझ्या पुस्तकात वाघांचं घर वेगळं आहे. पानवाल्यांचंही वेगळं."

"असेल, सर. पण पाय पाहा."

"पुस्तक चूक आणि पाय बरोबर?"

"पंखानं मला आत्ताच फसवलं," बाई म्हणे. "तुमच्यादेखत. पायानं अजून नाही फसवलं. मी पायाच्याच बाजूनं राहीन."

साहेबाईनं भिंग खिशात ठेवलं. पुसदच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष मागं उभे होते, हातातला हार कोणाले घालावा या विचारात. त्याईले साहेब म्हणे, "या बाई पुसदलाच राहू द्या. पुस्तक घेऊन मी येणार आहे, यांच्याशी माझं भांडण संपलेलं नाही." म्हणजे पेटी पास झाली का नाही हे कोणाले समजलं नाही, पण बाई झाल्या.

मधुसूदनरावाईनं घाईत ट्रंक आधीच वर्ध्याच्या गाडीच्या टपावर चढवून ठेवलेली होती. ते उतरवाले मले जा लागलं. वळकटी काही सापडली नाही. ते वर्ध्याले गेली, तेवढाच बाईचा जीव तिकडं गेला म्हणा.

पुसदले आलो तं आत्या अन् फुफाजी दुकानाच्या ओट्यावर बसलेले. बातमीसाठी तांड्यातून दुसऱ्यांदा आलते. चंदाबाईनं चहा आणला, बश्याईत; वाट्या अजून दुकानातच पडल्या होत्या.

"बाई राह्यली का?" आत्यानं इचारलं.

"राह्यली. कायम झाली."

"अन् आपल्या लेकीची सोयरीक?"

"तेच एक पास केली साहेबानं, आत्या. भिंग लावून पाह्यली. म्हणे बरोबर घरी देल्ली."

आत्यानं चारीकडं असं पाह्यलं का रस्त्यानं जाणाऱ्याले बी समजावं. "म्या म्हटलतं ना, वेगळ्या घरची पाह्यजे. हाय ना वेगळ्या घरची?"

चंदाबाई माह्याकडं पाहून राह्यलती. चहा होईपर्यंत अंदर जाऊन तिले म्या सारं सांगतलं होतं. म्या म्हटलं, "तोंडावरून तं दोघाईले कोणी एका घरचं म्हणणार नाही, आत्या."

फुफाजीचं समाधान झालं नाही. बाकीच्या सोयरिकी त्याईनं जमवल्या होत्या. "अन् बाकीच्या काहून मोडल्या?" म्हणे. "काय कमी होतं? घर पाह्यलं, गोत पाह्यलं, दोन्हीकडचा मान पाह्यला."

"त्याईले कोणी इचारलं नव्हतं, फुफाजी," म्या म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"पोट्ट्याईले कोण इचारते?" फुफाजी म्हणे.

आत्यानं बशी खाली ठेवली. "मले बी नव्हतं इचारलं कोणी," म्हणे.

फुफाजीनं तिच्याकडं पाह्यलं, काठीकडं पाह्यलं, मंग पेपर वाचत बसलेल्या दीनानाथरावाईले इचारलं का डिग्रसकडं गाडी केव्हा हाय. दीनानाथराव म्हणे, आत्ताच गेली.